शहीद कुर्बान हुसेन : हुकूम कुणाचा मानायचा?

१२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३१ साली याच तारखेला पुण्याच्या येरवडा तुरुंगात या चौघांना फाशी दिली गेली. सोलापूरहून पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस आपल्यातल्या अनेकांच्या रोजच्या वापरातली. शहरातलं हुतात्मा स्मृती मंदिरही सगळ्यांना ठाऊक आहे. नाव ओळखीचं झालं की माणूसही ओळखीचा झाला असं आपल्याला वाटतं. पण कुर्बान हुसेन यांच्या बाबतीत तसं झालेलं नाही, असं आम्हाला वाटतं.

त्या दिवशी आपल्या मोहल्ल्यांत मोबाइलवर त्यांचा फोटो फिरतो. खाली मजकूर असतो तो साधारण असा, की आमच्या समाजानंही या देशासाठी रक्त दिलं आहे. यात खोटं काहीच नाही, आणि आजच्या दिवसांत असं सांगावंसं का वाटतं हेही आम्ही जाणतो. तरी यात एक गंमत आहे. आपण हे नाव निष्ठेचा दाखला म्हणून पुढे करतो. कुर्बान हुसेन यांनी मात्र कुणाकडूनही दाखला मागितला नव्हता. त्यांच्या काळच्या सरकारच्या लेखी ते बंडखोर होते, गुन्हेगार होते. त्यांचं छोटंसं आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरलं. वरून आलेला हुकूम आणि आतून आलेली हाक यांत फरक पडला, तर माणसानं कुणाचं ऐकायचं?

गिरण्यांचं गाव

त्या वेळचं सोलापूर म्हणजे भोंग्यांचं गाव. मुरारजी गोकुळदासांची गिरणी, जिला लोक जुनी मिल म्हणू लागले, ती १८७७ साली सुरू झाली. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. पोटासाठी माणसं चारी बाजूंनी आली. तेलुगू बोलणारे पद्मशाली आले, कन्नड बोलणारे लिंगायत होते, मराठी मुलखातले शेतकरी होते, दखनी बोलणारे मोमीन आणि इतर मुसलमान होते. एकाच खात्यात चार भाषा ऐकू येत. मुकादमाच्या शिव्या मात्र सगळ्यांना एकाच भाषेत कळत.

कुर्बान हुसेन याच कामगारांच्या जगात पुढे आले. वय विशीतलं, पण गिरणी कामगार त्यांचं ऐकत. ते 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. गझनफर म्हणजे सिंह. पत्र चालवणं तेव्हा पैशाचं काम नव्हतं. कागद, छपाई, वाटणी आणि वर पोलिसांची नजर, हे सगळं डोक्यावर. प्रेस कायद्याखाली जामीन मागणं, छापखाना बंद पाडणं हे सरकारला सोपं होतं. अशा काळात एका तरुण मुसलमानानं कामगारांच्या, स्वराज्याच्या आणि हिंदू-मुस्लिम एकीच्या बाजूनं लिहायचं, बोलायचं ठरवलं. त्यांच्या आयुष्यातली पहिली अवज्ञा ही लेखणीची होती. मे महिन्यातला जमाव आणि गोळीबार हे सगळं पुढचं.

समाजातले मोठेही दोन बाजूंना

१९३० चा मार्च. गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. देशभर सविनय कायदेभंग सुरू झाला. मुसलमानांपुढे तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहिली, ती आज आपण विसरून गेलो आहोत.

मौलाना मुहम्मद अली आणि मौलाना शौकत अली या बंधूंना खिलाफतीच्या दिवसांत घराघरांत मान होता. १९२१ साली कराचीत त्यांच्यावर खटला झाला होता. ब्रिटिश फौजेत चाकरी करणं मुसलमानाच्या ईमानाला धरून नाही, अशी भूमिका घेतल्याबद्दल त्यांना आणि मौलाना हुसैन अहमद मदनी यांना कैद झाली. सरकारी हुकमापेक्षा ईमान मोठं, हे त्या पिढीनं त्यांच्याकडूनच ऐकलं. पण १९३० पर्यंत त्यांचे आणि काँग्रेसचे संबंध तुटले होते, आणि मुसलमानांनी या कायदेभंगापासून लांब राहावं असा त्यांचा सल्ला होता. दुसऱ्या बाजूला मौलाना आझाद होते, सरहद्दीवर खान अब्दुल गफार खान होते, गुजरातेत पांढऱ्या दाढीचे अब्बास तय्यबजी होते. जमियत उलेमा-ए-हिंदनं मे महिन्यात अमरोह्याला अधिवेशन घेऊन लढ्यात उतरायचं ठरवलं.

म्हणजे सोलापूरच्या एका तरुण कार्यकर्त्यापुढे फक्त इंग्रजांचा हुकूम नव्हता. त्याच्याच समाजातले बुजुर्ग दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होते, आणि दोन्हीकडे दीन जाणणारी माणसं होती. कुणीतरी मोठ्यानं सांगितलं म्हणून, एवढ्यावर निर्णय घेण्याची सोय उरली नव्हती. कुर्बान हुसेन यांनी निवड केली. ती स्वतःची होती आणि तिची किंमतही त्यांनी स्वतःच मोजली.

मे १९३०

४ मेच्या मध्यरात्रीनंतर दांडीजवळच्या कराडीत गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात येताच गाव बंद झालं. गिरण्या थांबल्या, मजूर रस्त्यावर आले. रामकृष्ण जाजू, डॉ. कृ. भी. अंत्रोळीकर, तुळशीदास जाधव ही काँग्रेसची मंडळी पुढे होती. गिरणी कामगारांमध्ये कुर्बान हुसेन यांचा शब्द चालत होता.

८ मेला रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदी हा चळवळीचा भाग होता, आणि शिंदीच्या उत्पन्नावर सरकारचा डोळा होता. पोलिसांनी पकडापकड केली, लोक अडून बसले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. मग गाव पेटलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, कोर्टाला आग लागली. या दंगलीत पोलीसही मारले गेले. पोलीस आणि अधिकारी गावातून मागे सरले आणि काही दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ताच राहिली नाही. रहदारी आणि बंदोबस्त स्वयंसेवकांनी पाहिला.

१२ मेच्या रात्री लष्करी कायदा आला आणि ३० जूनपर्यंत तो गावाच्या मानेवर बसला. या काळात राष्ट्रीय झेंडा बाळगणं गुन्हा ठरला. डोक्यावर गांधी टोपी असली तरी रस्त्यात सोजिरांनी अडवावं, टोपी काढायला लावावी, अशी अवस्था होती. नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण लावल्याबद्दल नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांनाही सजा भोगावी लागली. कापडाच्या गावात कापडाच्या एका तुकड्याची सरकारला भीती वाटू लागली होती.

यात हुकूम कसा काम करतो ते पाहण्यासारखं आहे. टोपी काढ म्हणणारा सोजीर काही वाईट माणूस असेलच असं नाही. त्याला सांगितलं, त्यानं केलं. त्याला सांगणाऱ्यालाही कुणीतरी सांगितलेलं. साखळीतला प्रत्येक जण म्हणू शकतो की माझ्या हातात काही नव्हतं. आणि शेवटी एक माणूस मरून पडलेला असतो, ज्याला कुणीच मारलेलं नसतं.

पेशावरचे शिपाई

त्याच दिवसांत दूर पेशावरला या प्रश्नाचं एक उत्तर मिळालं होतं. २३ एप्रिल १९३० रोजी किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळीबार झाला, खूप माणसं मेली. तिथं आणलेल्या रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांनी मात्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. त्यांचा पुढारी चंद्रसिंग गढवाली. शिपाई हिंदू, समोरचे लोक मुसलमान. इंग्रजांचा हिशेब असा होता की हे त्यांच्यावर बंदूक चालवायला कचरणार नाहीत. तो चुकला. या शिपायांवर लष्करी खटला झाला आणि चंद्रसिंग यांना जन्मठेप मिळाली.

सोलापुरातही गोळी झाडणारे पोलीस याच देशातले होते. त्यांनाही घर होतं, पोरंबाळं होती, पगारावर चूल पेटत होती. नंतर जमावाच्या हाती जे सापडले ते पोलीसही असेच साधे नोकर. त्यांच्या मरणाचा उल्लेख आपल्याकडे हळूच गिळला जातो. आम्हाला ते बरोबर वाटत नाही. हुकूम मानून गोळी झाडणं जसं माणसाला आंधळं करतं, तसा जमावसुद्धा एक हुकूमच असतो. मारा म्हणून ओरड झाली की हजार हात उठतात, आणि कुणाचाच हात आपला राहत नाही. सरकारचा हुकूम असो की गर्दीचा, जमीर गहाण पडायचं ते पडतंच.

खटला आणि फाशी

कुर्बान हुसेन, धनशेट्टी, शिंदे आणि सारडा यांच्यावर आरोप आला तो पोलिसांच्या खुनाचा. सोलापूरकरांची धारणा तेव्हा जी होती तीच आजही आहे, की या चौघांना सजा झाली ती खुनाबद्दल नाही, लोक त्यांचं ऐकत होते म्हणून. सरकारला पुढारी हवे होते. चार दिवस गाव हातातून गेलं, त्याची भरपाई कुणाकडून तरी वसूल करायची होती.

चौघांची नावं एकदा शांतपणे वाचावीत. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. कुणी ठरवून असा पॅनेल बनवला नव्हता. गिरण्यांचं गाव मुळातच असं होतं. सरकारनं माणसं उचलली आणि आपोआप गावाची वस्तीच फासावर गेली.

हायकोर्टानं फाशी कायम केली. दयेचे अर्ज झाले, ते नामंजूर झाले. बाहेर त्या वेळी काय चाललं होतं? लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली होती, हिंदुस्थानचं भवितव्य ठरवायला. तिथंच ४ जानेवारी १९३१ रोजी मौलाना मुहम्मद अली यांचं इंतकाल झालं. ज्यांनी कधीकाळी ईमानासाठी कैद भोगली, ज्यांचा नंतरचा सल्ला कुर्बान हुसेन यांच्या वाटेपासून वेगळा होता, ते आठच दिवस आधी गेले. दोघांच्या मगफिरतीची दुआ एकाच वेळी मागता येते. मतभेद असणं म्हणजे बेईमानी नाही, हे समजायला एवढं एक उदाहरण पुरे.

१२ जानेवारीला येरवड्यात चौघांना फासावर चढवलं. ज्या गांधीजींच्या अटकेपासून सोलापुरात हे सगळं सुरू झालं, ते त्या दिवशी त्याच तुरुंगात कैदी होते. त्यांची सुटका व्हायला अजून दोन आठवडे होते, ती २६ जानेवारीला झाली. त्यानंतर मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, राजकीय कैदी सुटू लागले. कुर्बान हुसेन यांच्यापर्यंत तो करार पोहोचू शकत नव्हता.

दीन काय सांगतो

आपल्यात काही लोक म्हणतात, की हाकिमाची ताबेदारी हा दीनाचा हुकूम आहे, मग बंड कसलं? प्रश्न टाळण्यासारखा नाही. कुरआनात अल्लाहची आणि रसूलची आज्ञा पाळायला सांगितलं आहे आणि अधिकार असलेल्यांचीही. पण उलेमांनी शतकानुशतकं हेही समजावलं आहे, की तिसऱ्याची आज्ञा पहिल्या दोघांच्या चौकटीतच आहे. चौकटीबाहेर ती संपते.

हदीसच्या किताबांत एक वाकया आहे. रसूलुल्लाह ﷺ यांनी एका तुकडीवर एक अमीर नेमला आणि त्याचं ऐकायला सांगितलं. वाटेत अमीर कशावरून तरी चिडला. त्यानं लाकडं गोळा करून आग पेटवायला लावली आणि आपल्या माणसांना आगीत शिरायचा हुकूम दिला. काही जण खरंच निघाले. बाकीच्यांनी एकमेकांना धरलं, की आगीपासून वाचायलाच तर आपण ईमान आणलं. तेवढ्यात अमीरचा राग उतरला. परत आल्यावर हे हुजूरांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी स्पष्ट केलं की ते आगीत शिरले असते तर त्यातून कधी बाहेरच आले नसते. ताबेदारी फक्त भल्या कामात असते.

अमीर नेमलेला होता, तोही थेट रसूलच्या हुकमानं. तरी आगीत शिरायचं की नाही, हा विचार प्रत्येक शिपायाला स्वतःच करायचा होता. आणि त्यांना वाचवलं ते एकमेकांना धरून ठेवणाऱ्या साथीदारांनी.

सोलापूरचा मोहरम तर आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणापासून पाहिला आहे. पंजे निघतात, हिंदू भाऊ नवस बोलतात, सरबत वाटतात. त्यामागची गोष्ट काय? एका सत्ताधीशाला बैअत हवी होती, आणि हजरत इमाम हुसैन यांनी ती दिली नाही. सोलापूरच्या तरुणाच्या नावात कुर्बान आणि हुसेन हे दोन शब्द शेजारी शेजारी होते. आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा पुढचं कुणाला ठाऊक होतं?

मग आपण काय करायचं?

कुर्बान हुसेन यांच्याकडून बंड शिका, रस्त्यावर उतरा, असं सांगायला आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्या वेळचं सरकार परकं होतं. आज संविधान आपलं आहे, मत देता येतं, कोर्टात जाता येतं, लिहिता येतं. पण हुकूम आणि जमीर यांचं भांडण काही इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेलं नाही. ते आता लहान लहान रूपात आपल्या दारात येतं.

ऑफिसात साहेब म्हणतात, या कागदावर सही कर, वरून आलंय. क्लार्कला दिसतंय की कागद खोटा आहे आणि यात एका गरिबाचं घर जाणार आहे. जमातीच्या बैठकीत वक्फच्या दुकानाचं भाडं बाजारभावाच्या मानानं कितीतरी कमी लावलेलं सगळ्यांना ठाऊक असतं, पण सदरसाहेब मोठे, कोण बोलणार? घरात अब्बा सांगतात म्हणून मुलगा हुंड्याच्या मोटारसायकलवर बसतो, आणि निकाहच्या खुतब्यात मान खाली घालून ऐकतो. मोबाइलवर कुणीतरी दुसऱ्या समाजाविरुद्ध विष पाठवतं, आणि पाठवणारा ओळखीतला मोठा माणूस असतो म्हणून आपण ते पुढे ढकलतो. यातल्या कुठल्याही जागी फाशी नाही. फार तर बदली होईल, टोमणे ऐकावे लागतील, ग्रुपमधून काढतील. तरी आपली जीभ उचलत नाही.

आम्हाला वाटतं, १२ जानेवारीला त्यांच्या पुतळ्याला हार घालायला जाताना मनात हा हिशेब असावा. गेल्या वर्षात चुकीचं आहे हे माहीत असूनही मी कुठं मान डोलावली? आणि जिथं बोललो, तिथं किंमत स्वतः मोजली की दुसऱ्याच्या डोक्यावर टाकली? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जमीरच्या नावानं दुसऱ्याचं घर जाळणारे प्रत्येक काळात असतात. जमीर खरं असेल तर त्याचं बिल आपल्याच नावावर येतं. कुर्बान हुसेन यांच्या नावावर ते पूर्ण आलं.

आणखी एक गोष्ट करता येईल. आपल्या मुलांना त्यांचं नाव फोटोसकट माहीत आहे, पण ते पत्र चालवत होते हे किती जणांना माहीत आहे? गिरणी कामगारांसाठी ते उभे राहिले, हे किती मदरशांत, किती उर्दू आणि मराठी शाळांत सांगितलं जातं? एखाद्या शाळेनं या १२ जानेवारीला मुलांचं हस्तलिखित काढावं आणि त्याला 'गझनफर' नाव द्यावं. मुलांना आपल्या गल्लीतलं खरं लिहू द्यावं. गटारीचं लिहू द्या, रेशनचं लिहू द्या, मोठ्यांना न आवडणारं असलं तरी लिहू द्या. मास्तरांनी फक्त एवढंच पाहावं की लिहिलेलं खरं आहे.

अल्लाह त्यांना आणि त्यांच्या तिन्ही साथीदारांच्या कुर्बानीला मान देवो, आणि आपल्याला खरं ओळखून त्यावर टिकून राहण्याची तौफीक देवो. आमीन.